पोळ्या त्याच, दर दोन : सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचं प्रकरण

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात रोज सकाळी वीस पोळ्या लागतात. कणीक मळायची, लाटायच्या, भाजायच्या, तूप लावून डब्यात ठेवायच्या आणि ओटा पुसून निघायचं, सगळं मिळून पन्नास मिनिटं. २०२३ च्या जूनपर्यंत हे काम एक काकू करत होत्या, महिन्याला २,८०० रुपयांत. त्यांनी ते घर सोडलं आणि ऑगस्टपासून तेच काम एक मावशी करू लागल्या, महिन्याला १,८०० रुपयांत. तवा तोच, कणीक तीच, वेळही तीच. घरातल्या आजींच्या मते मावशींच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत जास्त मऊ राहतात.

हा हजार रुपयांचा फरक कुठून आला, एवढंच मला शोधायचं होतं. मी भोसरीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पगारपत्रकं करते आहे आणि त्या वेळी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते. पगारातला फरक दिसला की त्याचं कारण विचारायची सवय हाताला लागलेली आहे. सोसायटीचं नाव इथे देत नाही, माणसांचीही नावं नाहीत. दोघी बायकांना विचारून लिहिते आहे. मावशी म्हणाल्या, "जात लिहा ताई. ती सोडून लिहिलं तर लोकांना वाटंल माझ्याच कामात खोट होती." त्या मातंग समाजाच्या आहेत. काकू मराठा आहेत.

काकू आणि मावशी

पुण्याच्या घरांत ही दोन नाती कशी वाटली जातात, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येतं. आमच्या ते अंगवळणी पडलेलं आहे. स्वयंपाकाला येतात त्या काकू. भांडी घासतात, केर-फरशी करतात त्या मावशी, नाहीतर नुसत्या बाई. काकूंना आपल्यातल्या कपात चहा मिळतो. मावशींचा कप कित्येक घरांत ओट्याखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी असतो. आमच्या घरी कप वेगळा नव्हता. पण काकू पहिल्यांदा कामाला लागल्या तेव्हा शेजारणीने मला सांगितलं होतं, "निर्धास्त ठेव, चांगल्या घरातल्या आहेत." या वाक्याचा अर्थ मला तेव्हाही कळला होता. मी काही बोलले नाही. याची खंत आजही वाटते.

मावशींचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात तुळजापूरकडून पुण्यात आले. मावशींचा जन्म इथलाच, पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीतला. २००९ पासून अकरा वर्षं त्या सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटत होत्या. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं, दोन वेळचे दीडशे डबे. तिथे लाटणारीची जात मालकाला ठाऊक होती, पण भटारखाना मागच्या बाजूला आणि खाणारी मुलं पुढच्या खोलीत. पोळी कुणी लाटली हे मुलांना दिसायचं नाही, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मुलं गावी गेली, मेस बंद पडली.

त्या दिवाळीत मावशी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी काम मागायला आल्या. "पोळ्या-भाजी करते" असं त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या घराने आडनाव विचारलं आणि नंतर कळवतो म्हणाले. दुसऱ्या घरानेही तसंच केलं. तिसऱ्या घरी मावशींनी आपणहून भांडी मागितली आणि ती लगेच मिळाली. "तेव्हापासून सैपाकाचं विचारणंच सोडलं मी," त्या म्हणाल्या. "नाही ऐकायचं, परत जिना उतरायचा. त्यापेक्षा भांडी बरी."

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. पुढची तीन वर्षं मावशींना स्वयंपाक कुणी नाकारला नाही, कारण त्यांनी मागितलाच नाही. कुणी मोजायला बसलं असतं तर त्याला एकही नकार सापडला नसता.

मिनिटांचा हिशेब

२०२३ च्या पावसाळ्यात सोसायटीत कामवाल्यांच्या दरांवरून कुरबुरी सुरू झाल्या. अमुक घर जास्त देतं म्हणून आमच्या बाई सोडून गेल्या, तमुक घराने खाडे कापले, असं रोज काहीतरी. कार्यकारिणीने ठरवलं की एक दरपत्रक करू. ते काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे ७२ घरं आणि बाहेरून कामाला येणाऱ्या ३१ जणी. मी घराघरांत जाऊन विचारलं : काम कोणतं, किती वेळ लागतो, सुट्ट्या किती, महिन्याला काय देता. घरकामाचा दर कुणी तासावर सांगत नाही. तो "एका कामाचा" असतो, आणि एका कामात काय काय येतं हे ज्याचं त्याचं. कित्येक घरांत बाथरूम धुणं केर-फरशीतच धरलेलं होतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. म्हणून मी सगळं तासावर आणलं.

काकूंची चार घरं. प्रत्येक घरी पोळ्या-भाजीला सव्वा तास, महिन्याला ४,२०० रुपये, चार सुट्ट्या. दिवसाचे पाच तास, महिन्याचे १३० तास, कमाई १६,८०० रुपये. तासाला १२९ रुपये.

मावशींची पाच घरं. भांडी आणि केर-फरशी मिळून घरटी सव्वा तास, महिन्याला २,००० रुपये, सुट्ट्या दोनच. दिवसाचे सव्वासहा तास, महिन्याचे १७५ तास, कमाई १०,००० रुपये. तासाला ५७ रुपये.

महिन्याला ६,८०० रुपयांचा फरक, तोही पंचेचाळीस तास जास्त राबून. तीन वर्षांचा धरला तर अडीच लाखांच्या जवळ जातो. त्या रकमेचं काय होतं तेही मला दिसत होतं. काकूंच्या मुलाने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा पूर्ण केला. मावशींच्या मुलीने अकरावीनंतर शाळा सोडून कपड्यांच्या दुकानात काम धरलं, कारण घरभाडं आणि बचत गटाचा हप्ता एकाच आठवड्यात येत होता. त्यात मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत बारा महिने चिखल्या. भांड्यांच्या साबणाने कातडी सोलवटलेली, हळद लावून त्या कामाला येत.

माझं पहिलं स्पष्टीकरण तुमच्याही मनात आलं असेल : स्वयंपाक हे कौशल्याचं काम, त्याला जास्त मिळणारच. ते मी मान्य करून पुढे जाणार होते. मग तक्त्यात एक रकाना माझ्या लक्षात आला, जो मी भरलेलाच नव्हता. स्वयंपाकाला येणाऱ्या नऊजणींत एकही दलित बाई नव्हती. उरलेल्या बावीसजणींत निम्म्याहून जास्त होत्या. हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. नावांची यादी समोर होती आणि आडनावं वाचून मला कळलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते कळतंच, आणि जे मला कळलं ते काम देणाऱ्या प्रत्येक घराला आधीच कळलेलं होतं.

दरांचा बाजारभाव म्हणजे काय, तेही इथेच उघडं पडतं. स्वयंपाकाच्या दारातून मोजक्याच बायका आत घेतल्या, की त्यांची चणचण होते आणि दर चढतो. बाकी सगळ्याजणी भांड्यांच्या दाराशी गर्दी करतात आणि तिथला दर पडतो. आमच्याच इमारतीत तीन घरं दोन महिने स्वयंपाकीण शोधत होती, रोज बाहेरून डबा मागवत होती, आणि त्यातल्या दोन घरांत दीडशे डब्यांच्या पोळ्या करणारी बाई सकाळी येऊन भांडी घासून जात होती. नुकसान फक्त मावशींचं झालं असं मला म्हणवत नाही.

नऊ दिवस

जुलैत चौथ्या मजल्यावरच्या एका घरी स्वयंपाकाला येणाऱ्या काकू भाचीच्या लग्नाला गावी गेल्या. त्याच आठवड्यात त्या घरातल्या आजी पडल्या, मनगट मोडलं. सूनबाईंची नोकरी खराडीला, त्या सकाळी सातला घर सोडतात. मावशी तिथे भांड्यांना होत्या. त्या म्हणाल्या, "मी करून देते तोवर." नऊ दिवस त्यांनी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. सूनबाईंनी न विचारता वेगळे पैसे दिले, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की आमच्या मावशी उत्तम पोळ्या करतात, कुणाला हव्या असतील तर नंबर देते.

तीन फोन आले. दोघांनी आडनाव विचारलं आणि कळवतो म्हणाले. त्यांतल्या एकांनी नंतर मला स्वतः सांगितलं, "आमचं काही नाही हो, पण सासूबाईंचं सोवळं आहे." तिसरं घर म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं तिसऱ्या मजल्यावरचं. त्यांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सध्या किती घेता?" मावशींनी खरं ते सांगितलं, भांडी आणि केर-फरशीचे दोन हजार. मग त्या घराने पोळ्यांचे १,८०० ठरवले.

त्या घरातल्या वहिनींना मी फरकाबद्दल विचारलं तेव्हा त्या दुखावल्या. "अहो, तासाचा हिशेब तुम्हीच केलाय ना? त्यांना ५७ मिळत होते, आम्ही ८३ दिले. आम्ही वाढवूनच दिलं." त्या खोटं बोलत नव्हत्या. मावशीही खूश होत्या, वाढ झाली म्हणून. कुणाच्याही मनात फसवायचं नव्हतं, आणि तरीही वर्षाला बारा हजार रुपये कमी मिळत होते. तो दर पोळ्यांचा नव्हता. भांडीवाल्या बाईचा दर तिच्यासोबत जिना चढून दुसऱ्या कामापर्यंत आला होता.

आमच्या कारखान्यात, आणि मला माहीत असलेल्या प्रत्येक कंपनीत, नव्या माणसाला विचारला जाणारा पहिला आकडा "मागचा पगार किती" हाच असतो. बावीस वर्षं तो आकडा मी अर्जातून उतरवून पगारपत्रकात नेला आहे. मागे कुणीतरी ज्याला कमी दिलं त्याला पुढेही कमीच मिळायची सोय त्यात आहे, हे मला मावशींच्या पोळ्यांनी शिकवलं.

बॉस्टनचा फोन

कोजागरीच्या आदल्या रविवारी बैठक झाली. मी तासाचा तक्ता वाचून दाखवला आणि जातीचा रकानाही सांगितला. गोंधळ झाला. "आमच्या सोसायटीत जातपात कुणी मानत नाही" इथपासून "हे कशाला उकरून काढता" इथपर्यंत.

आमचे खजिनदार काका बराच वेळ गप्प होते. त्यांचा मुलगा बॉस्टनला असतो. आपल्या हाताखाली तयार झालेल्या गोऱ्या सहकाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त पगार आहे हे त्याला त्याच वर्षी कळलं होतं, आणि काकांनी ते आम्हा सगळ्यांना तळमळून सांगितलं होतं. सगळी सोसायटी हळहळली होती. त्या संध्याकाळी काका म्हणाले, "मुलगा सांगत होता, त्यांच्या राज्यात आता मागचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. मला वाटलं होतं ती काहीतरी तिकडची कागदी भानगड असेल."

त्यांचं बरोबर आहे. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सने तो कायदा २०१६ मध्ये केला, २०१८ च्या जुलैपासून तो लागू आहे. नोकरी देऊ करण्याआधी मागचा पगार विचारायचा नाही. तो प्रामुख्याने स्त्री-पुरुष वेतनातल्या तफावतीसाठी केला गेला, पण वंशामुळे मागे ज्यांना कमी मिळालं त्यांनाही त्याचा उपयोग होतो.

अमेरिकेचं उदाहरण घ्यायचं तर भारतीय वंशाच्या इंजिनियरवर थांबून चालणार नाही, हे मात्र मी काकांना सांगितलं. तिथे भारतीय वंशाच्या कुटुंबांचं उत्पन्न सरासरीने गोऱ्यांपेक्षा जास्तच आहे. काकांच्या मुलावर अन्याय झाला असेल, पण आमच्या मावशींशी नातं लागतं ते तिथल्या कृष्णवर्णीय बायकांचं. पूर्णवेळ काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांची साप्ताहिक कमाई आजही गोऱ्यांच्या साधारण चार-पंचमांश आहे, आणि त्यातला मोठा वाटा एकाच कामाला दोन पगार देण्यातून येत नाही, कोणत्या कामाचं दार कुणाला उघडतं यातून येतो. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. कायद्यात रंगाचा शब्द नव्हता. पण दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय बायका बहुतेक याच दोन कामांत होत्या, त्यामुळे काम वगळल्यावर त्या आपोआप वगळल्या गेल्या. घरकामगारांना त्या कायद्यात यायला १९७४ साल उजाडलं. मधली छत्तीस वर्षं.

नावावरून दार बंद होतं, हेही तिथे मोजून झालेलं आहे. मेरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोत नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार अर्ज पाठवले, पात्रता सारखी, नावं मात्र काहींना गोऱ्यांमध्ये रूढ असलेली, काहींना कृष्णवर्णीयांमध्ये. २००४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : गोऱ्या वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. आपल्याकडे तसाच प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज, सगळे पुरेसे शिकलेल्यांचे, फरक आडनावाचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याच्या संधीचं गुणोत्तर उच्चजातीय आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघालं. तो प्रयोग खाजगी कंपन्यांतल्या नोकऱ्यांचा होता, जिथे निदान अर्ज, मुलाखत, कागद असतात. सोसायटीच्या फाटकाशी कागद नसतो.

"अमेरिकेचा आणि आपला काय संबंध?" असं एकांनी विचारलं. पुण्यात हा प्रश्न पडावा याचं मला वाईट वाटलं. गंज पेठेतल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं जातीवरचं पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. संबंध जोडून दिलेला आहे, आपण तो विसरलो.

कायद्याचं विचारलं गेलं, ते थोडक्यात सांगते. १९७६ चा समान मोबदल्याचा कायदा स्त्री-पुरुष भेदाला मनाई करत होता, त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिताही करते, पण जातीवरून वेतनात होणाऱ्या भेदाचा शब्द दोन्हींत नाही. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ आलं. ते नोंदणी आणि मदतीसाठी आहे, दर ठरवत नाही. घरकामगारांच्या हक्कांवरचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून मान्य केलेला नाही. अमेरिकेतही १९६४ चा नागरी हक्क कायदा वंशभेदाला बंदी करतो, पण तो पंधरा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकालाच लागू होतो. घराचं स्वयंपाकघर दोन्हीकडे भेदभावाविरुद्धच्या या कायद्यांच्या बाहेरच राहिलं आहे. इथे जे काही मिळालं ते बायकांनी स्वतः मिळवलं : १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज दिवाळीचा बोनस आणि महिन्याच्या सुट्ट्या आपण सहज धरतो, त्या कुणी उदार होऊन दिलेल्या नाहीत.

माझी चूक

मी केलेल्या दरपत्रकाच्या पहिल्या मसुद्यात एक गंभीर चूक होती. मी प्रत्येक कामाची चालू सरासरी काढून तोच दर सुचवला होता : स्वयंपाक तासाला १२५, भांडी आणि केर-फरशी ५८. कामगारांना न्याय म्हणून केलेलं ते पत्रक तसंच मंजूर झालं असतं, तर आतापर्यंत तोंडी चालत आलेला फरक सोसायटीच्या शिक्क्याने पक्का झाला असता. चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी ते ओळखलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता भांड्यांना ५८ का, असं विचारलं तर पत्रक दाखवायचं?" मसुदा मी तिथेच मागे घेतला.

दुसऱ्या बैठकीत चार गोष्टी ठरल्या. कोणत्याही कामाला तासाला किमान ८० रुपये. मी १०० सुचवले होते, ते टिकले नाहीत. वीस पोळ्यांचे २,८००, करणारी कुणीही असो. सुट्ट्या सगळ्यांना चार. आणि खजिनदार काकांनी आग्रहाने घातलेलं कलम : नव्या कामाचा दर ठरवताना सध्या किती घेता हे विचारायचं नाही. सोसायटी हे कुणावर लादू शकत नाही, त्यामुळे ती शिफारस आहे. कुणाला कामावर घ्यायचं याबद्दल मात्र एक शब्दही मंजूर झाला नाही. तो विषय निघाला की लोक "घरातल्या मोठ्यांचं" बोलू लागत.

काकूंची धास्ती

मला सर्वांत जास्त शिकवलं ते काकूंनी. बैठकीनंतर दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या, रागाने लाल झालेल्या. मी त्यांचा दर कमी करणार असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तसं काही नाही हे पटल्यावर त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी ती पोळ्यांची जागा का सोडली माहितीये? मी तीन हजार मागितले. वहिनी म्हणाल्या, विचार करून सांगते. महिन्याभरात तिला अठराशेत ठेवलं. आता प्रत्येक घर मला हेच सांगणार, दुसरी अठराशेत करते."

या फरकामुळे आपली कमाई टिकते असं काकूंना इतकी वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात मावशींना कमी देता येतं, म्हणूनच काकूंना जास्त मागता येत नव्हतं. ड्यू बॉइस यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या मजुरांबद्दल १९३५ मध्ये हेच मांडलं होतं. त्यांची मजुरीही कमीच होती, पण कृष्णवर्णीयांपेक्षा वरचे असल्याचा मान त्यांना मिळायचा आणि तो मान पगाराच्या जागी चालून जायचा. तेवढ्यावर दोघांची एकजूट व्हायची राहिली. काकूंना मिळालेला तो मान म्हणजे "काकू" ही हाक आणि चांगला कप. त्या रागात मावशींबद्दल जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. पण निघताना त्यांनी विचारलं, "मग तिला पण अठ्ठावीसशेच मिळाले तर माझं काही जात नाही ना?" मी म्हटलं, "उलट तुमचंच राहतं." त्या चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "तिला सांगा, कमी घेऊ नको म्हणावं."

ते मी सांगितलं नाही. चार दिवसांनी जिन्यात काकूंनीच मावशींना सांगितलं. मावशींनी मला हे सांगताना दोनदा सांगितलं.

वर्षभराने

२०२४ च्या दिवाळीनंतर मी पुन्हा घराघरांत फिरले. भांडी आणि केर-फरशीच्या ५८ कामांपैकी ३७ ठिकाणी दर तासाला ८० किंवा वर गेला होता. बाकीच्यांनी थोडंफार वाढवलं किंवा काहीच नाही. एका घराने दरवाढ नको म्हणून मावशींना काढलं. दोन घरांनी भांड्याचं यंत्र घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी डिसेंबर २०२३ पासूनच २,८०० द्यायला सुरुवात केली होती. त्याआधीचे चार महिने धरून चार हजार रुपये त्यांनी त्या दिवाळीला वेगळे दिले, बोनसच्या पाकिटात न घालता. त्यांच्याबद्दल मी मनात जे कडवट धरलं होतं ते तेव्हा गेलं.

स्वयंपाकाला येणाऱ्या आता दहाजणी आहेत. दहावी म्हणजे मावशी. त्यांची पोळ्यांची दोन घरं झाली आणि भांड्यांची तीन उरली. दुसरं पोळ्यांचं घर चौथ्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या बहिणीचं, शेजारच्या इमारतीतलं. मुलगी बारावीला बाहेरून बसली आहे. ज्यांनी कळवतो म्हटलं होतं त्या दोन घरांनी अजून कळवलेलं नाही. त्यांतल्या एका घरी मावशी आजही भांडी घासतात.

या जानेवारीत मावशींनी माझ्याकडे एक काम आणलं. फाटकावरच्या ॲपमध्ये प्रत्येक कामवालीची नोंद असते आणि नवीन राहायला आलेली घरं तिथेच बघून फोन करतात. मावशींच्या नावापुढे चार वर्षं "भांडी" लिहिलेलं होतं. "तिथं पोळ्या लिहा," त्या म्हणाल्या. ॲपमध्ये एकाच कामाचा पर्याय निवडता येतो. भांड्यांची घरं सुटतील का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सुटू द्या."

व्यवस्थापकाकडून नोंद बदलून घेतली. पंधरा दिवसांत दोन फोन आले. पहिल्या घराने दर विचारला, मावशींनी पत्रकातला सांगितला, सोमवारपासून काम सुरू झालं. दुसऱ्या घराने नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं.